अर्धा अंगठा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. फोन केला की तू "कामात आहे" म्हणून ठेवून देतेस, म्हणून हा कागद खर्च करतोय.

आमच्या दालनाला येत्या मार्चअखेर पाच वर्षं होतायत. (दालन, ताई. मागच्या वेळी तू चार लोकांसमोर "ह्याचं दुकान" म्हणालीस, ते मी विसरलेलो नाही.) त्यानिमित्त एक देखणी पुस्तिका काढतोय. आजोबा, बाबा आणि मी, माणसाच्या अंगठ्याचा ठसा चांदीच्या पदकात उतरवणाऱ्या तीन पिढ्यांची गोष्ट. तुझाही उल्लेख आहे, शेवटच्या पानावर, आभारात.

त्यासाठी बाबांची हत्यारं हवीत. भिंग, कोरण्या, स्टूल आणि ती जुनी नोंदवही. दर्शनी भागात काचेच्या कपाटात ठेवणार आहे, खाली छोटा दिवा. शिवाय दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं शोधून दे, फोटोसाठी. शक्यतो बोलता बोलता डोळ्यांत पाणी येणारी.

तू अजून तेच करतेस म्हणे. मेण मळायचं, अंगठा दाबून घ्यायचा, त्यावरून चांदी ओतायची, घासत बसायचं. महिन्याला दहा पदकं! आमच्याकडे गिऱ्हाईक घरबसल्या बोटाचा फोटो पाठवतं, बाकी यंत्र करतं. आणि खरं सांगू? गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. त्याला चमक लागते आणि चांगली डबी लागते. बाबांनाही हे माहीत होतं, फक्त ते कबूल करायचे नाहीत.

हत्यारं नीट गुंडाळून पाठव.

तुझा,
धाकटा

*

११ फेब्रुवारी

बंधुराज,

पत्र मिळालं. कागद फार गुळगुळीत आहे. मी त्यावर चष्मा ठेवला तर घसरून खाली पडला.

बाबांचं भिंग तुझ्या कपाटात ठेवता येणार नाही, कारण ते दिवसभर माझ्या डोळ्याला असतं. कोरण्या हातात असतात. स्टूल ने. त्याचा एक पाय मोडलाय, तुझ्या तीन पिढ्यांना शोभेल. नोंदवहीबद्दल पुढे बोलू.

तुझ्या पत्रात एकच वाक्य पटलं, ते गिऱ्हाइकाचं. काही कळत नाही त्यांना. परवा एकीनं स्वतःच्या आईच्या अंगठ्याचा ठसा हातात घेतला आणि मला विचारलं, "ह्याला बदामाचा आकार नाही का देता येणार?" मी म्हटलं, आईच्या अंगठ्याला होता का? ती रागावली. असल्यांसाठी मी डोळे फोडून घेते.

आता मुद्द्याचं. सुताराची बायको आली होती. तुला आठवत नसेल, तुला यंत्रं आठवतात. बाबा गेले त्याच आठवड्यात तिचा नवरा गेला होता आणि त्याच्या डाव्या अंगठ्याचं पदक आपण करून दिलं होतं. अकरा वर्षं झाली. कडी झिजलीय, ती बदलायची आहे. तिची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आता अठराची झालीय. ती वीस मार्चला शिकायला लांब चाललीय आणि तिला बापाच्या अंगठ्याची नक्कल बरोबर न्यायचीय.

नक्कल करायची म्हणजे आधी मूळ ठसा भिंगाखाली धरून रेष न् रेष साफ करावी लागते. मी धरला. अंगठ्याच्या मधोमध एक तिरका चरा आहे आणि खालच्या टोकाला त्याला फाटा फुटलाय.

हा चरा मी ओळखते. तू चौदा वर्षांचा होतास, बाबांनी नको म्हटलेलं असताना त्यांची कोरणी घेऊन बसलास आणि ती घसरून तुझ्या डाव्या अंगठ्यात गेली. मी नळाखाली धरला, मी बांधला. तू बघूनच चक्कर येऊन पडलास, म्हणून तुला दोन ठिकाणी बांधावं लागलं होतं.

त्या बाईच्या गळ्यात तुझा अंगठा काय करतोय?

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणतोस. लिहून पाठव.

ताई

*

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

पत्र वाचून हसावं की काळजी करावी कळेना. सुतार माणूस! आयुष्यभर करवत आणि पटाशी हातात. त्याच्या अंगठ्यावर चरा नसेल तर काय गुलाबपाणी असेल? असे चरे ढिगानं असतात. त्या एका खोलीत बसून तू माणसांपेक्षा अंगठेच जास्त बघतेस, त्याचा हा परिणाम आहे.

आणि समजा शंका आलीच, तर अकरा वर्षांनी उकरून काढून काय मिळवणार? तुझ्या दुकानाची पाटी बाबांच्या नावाची आहे. माझ्या दालनाचीही. चिखल उडाला तर दोघांवर उडेल, हे तरी कळतं ना?

कडी बदल, नक्कल काढ, विषय संपव. आणि नोंदवही पाठव. छपाईवाला थांबलाय.

धाकटा

*

२२ फेब्रुवारी

बंधुराज,

नोंदवही पाठवत नाही, त्यातली एक नोंद पाठवते. पुस्तिकेत छाप.

तुला आठवण करून देते, कारण पुस्तिकेत तू "बाबांची शिस्त" असं दोनदा लिहिलं असशील. बाबांचा नियम होता. गिऱ्हाइकाचा ठसा घेतलेलं मेण, पदक दारातून बाहेर जाईपर्यंत, दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचं नाही. आणि प्रत्येक ठसा वहीत शब्दांत उतरवून ठेवायचा, म्हणजे मेणाला काही झालं तरी माणसाचं बोट कसं होतं ते राहतं. तू वही कधी वाचायचा नाहीस. तुझ्या मते ते कारकुनी काम होतं.

तर सुताराची नोंद, बाबांच्या अक्षरात, त्यांनी लिहिलेली शेवटची: "डावा अंगठा. टोक करवतीनं गेलेलं, नख अर्धं. ठसा अर्धाच उमटला आहे. बायकोला हाच अंगठा हवा आहे. आहे तसाच ठेवावा, भरून काढू नये."

पदकावर अंगठा अख्खा आहे. गोल, गुबगुबीत, टोकापर्यंत. सुताराला मेल्यावर नवं टोक फुटलं का रे?

बाबांच्या हाताखाली दहा वर्षं काढून तू काय शिकलास, तर अर्ध्या माणसाचा अख्खा करायला. तुला खोटंसुद्धा नीट करता आलं नाही. ज्याची नक्कल करायची तो कसा होता, एवढं तरी बघायचंस. वही हाताच्या अंतरावर होती.

आणि ती बाई! नवऱ्याचं अर्धं बोट उभं आयुष्य बघितलं असणार, आणि गळ्यात अख्खं घालून हिंडतेय. अकरा वर्षांत कळू नये? बाकी रडणाऱ्या माणसाला काय दिसतं म्हणा. चांदी दिसली, डबी दिसली, भरून पावली.

ती पंधरा मार्चला दोन्ही पदकं न्यायला येणार आहे. त्याआधी मला खरं काय ते कळलं पाहिजे.

ताई

*

१ मार्च

ताई,

हवंय ना तुला खरं? घे.

बाबा पहाटे गेले. तू परगावी होतीस, संध्याकाळपर्यंत पोचणार होतीस. दुपारी त्यांना नेणार होते. तू फोनवर काय म्हणालीस ते आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो. "नेण्याआधी बाबांचा ठसा घेऊन ठेव. तेवढंही जमलं नाही तर मला तोंड दाखवू नकोस."

रविवार होता, सगळं बंद. घरात मेणाचा खडासुद्धा नव्हता. एकच गोळा होता, पातळ फडक्याखाली, सुताराचा. बाबांनी दोन दिवसांपूर्वी घेतलेला ठसा, अजून ओतायचा होता. मी तो गोळा कोमट पाण्यात धरला. हातात मऊ पडेपर्यंत मळला. आणि त्यावर बाबांचा अंगठा दाबला.

तुझ्या गळ्यात जे आहे ते असं झालंय. सुताराला पुसून तुला बाबा दिले.

आठ दिवसांनी ती बाई येणार होती. तिच्या नवऱ्याला केव्हाच नेलं होतं, पुन्हा ठसा कुठून आणू? नवं मेण आलं होतं. मी माझाच अंगठा दाबला. डावा. कोणता हात एवढं तरी लक्षात होतं माझ्या.

तिनं डबी उघडली, बराच वेळ बघितलं, "बरं" म्हणाली आणि गेली. मी त्या दिवशीच ठरवलं की ही खोली सोडायची. तू अकरा वर्षं सगळ्यांना सांगत आलीस की मी पैशासाठी गेलो. सांगत राहा.

आणि एक शिकलो त्या दिवशी. लोकांना बोट नको असतं, धरायला काहीतरी हवं असतं. ती अकरा वर्षं सुखात आहे. तिला खरं सांगून तू तिचा नवरा दुसऱ्यांदा मारणार, आणि वर स्वतःला सच्ची कारागीर म्हणवून घेणार. हौस तुझी, मरण तिचं.

धाकटा

*

७ मार्च

बंधुराज,

चार दिवस उत्तर लिहिलं नाही. लिहायला बसले की फाडून टाकत होते.

बाबांचा ठसा गळ्यातून काढला आणि खणात ठेवला. रोज सकाळी कामाला बसण्याआधी मी त्याला हात लावायची. आता मान मोकळी वाटते आणि त्याचाच राग येतो. मी तुला ठसा घे म्हणाले होते, दुसऱ्याचा पुसून घे म्हणाले नव्हते. मेण नाही म्हणाला असतास तर मी आरडाओरडा केला असता, महिनाभर बोलले नसते. तेवढंच झालं असतं. तुला माझी भीती वाटली आणि त्या बाईची वाटली नाही, कारण ती गिऱ्हाईक होती आणि गरीब होती. बाबांनी जिवंतपणी हे पाहिलं असतं तर तुझा हात मोडला असता. स्वतःचा ठसा राहावा असं ते एकदाही बोलले नव्हते. तो हट्ट माझा होता, हे मला कळतं. तू सांगायची गरज नव्हती, पण सांगितलंस.

तरी पुढचं ऐक आणि खूश हो. परवा मी नक्कल ओतली. म्हटलं, आधी करून तर ठेवू, द्यायची की नाही ते मग बघू. उत्तम झालीय. चरा, फाटा, सगळं जसंच्या तसं. तुझा अंगठा मी स्वतःच्या हातानं दुसऱ्यांदा केला आणि घासून चकचकीत केला. दोन्ही समोर पडलीयत. मी दिवसभर दुसरं काम घेते आणि दिवसभर तिकडेच बघते.

मुलगी परवा डोकावून गेली. "झालं का हो?" म्हणाली. मी "होतंय" म्हटलं. माझ्या तोंडून "झालं" निघेना.

काय करणार आहे ते मलाच माहीत नाही. तुला विचारत नाहीये.

ताई

*

१० मार्च

ती. ताईस,

शाब्बास! नक्कल ओतलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. शेवटी तू बाबांची लेक नाही, माझीच बहीण निघालीस.

सोबत आमच्या दोन खास डब्या पाठवतोय. आत निळी मखमल आहे आणि झाकणावर "स्पर्श, कायमचा" असं सोनेरी अक्षरात. दे आणि मोकळी हो. तिला काय कळतंय?

आणि मला एक कल्पना सुचलीय, नाही म्हणू नकोस. मायलेकी दोघींचा दोन्ही पदकांसह एक फोटो काढून पाठव. मुलगी घर सोडून चाललीय, बापाचा अंगठा बरोबर नेतेय. मधल्या दोन पानांवर तोच टाकतो! पुस्तिकेचं सोनं होईल. छपाईवाला अठरापर्यंत थांबायला तयार आहे. फोटो खिडकीच्या उजेडात काढ, तुझ्या त्या ट्यूबलाइटखाली माणसं आजारी दिसतात.

तुझा,
धाकटा

*

१६ मार्च

धाकट्या,

फोटो काढलेला नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी जे ठरवत नव्हते ते ठरवून टाकलं, एवढे तुझे उपकार.

काल दुपारी त्या आल्या. मुलगी बाहेर स्कूटर लावत होती. मी बाईला आत बसवलं, दोन्ही पदकं पुढ्यात ठेवली आणि सरळ सांगितलं. मेण कसं गेलं, कोणासाठी गेलं, आणि हा अंगठा कोणाचा. तुझ्यावर ढकललं नाही. निरोप माझा होता हेही सांगितलं. मनात तयारी केली होती की ती रडेल, ओरडेल, मग मी पाणी देईन. पेला भरून ठेवला होता.

ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं."

भरलेला पेला मी बाजूला सरकवला.

"सतरा वर्षं त्या माणसाबरोबर काढली," ती म्हणाली. "त्याचं बोट कुठे संपतं ते मला माहीत नसेल?"

मी विचारलं, मग बोललात का नाही?

"तुमचा भाऊ डबी देताना माझ्याकडे बघत नव्हता. बाप जाऊन आठ दिवस झालेले. चूक झाली असेल, भांबावलाय, आपण होऊन सांगेल म्हटलं. नाही सांगितलं. मग तो निघून गेला. म्हटलं, बहीण तरी बघेल. दर वर्षी पॉलिशला घेऊन यायचे मी. ते काय काळं पडायचं म्हणून? रोजच्या वापरातली चांदी काळी पडत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही घ्यायचात, कापड मारायचात, परत द्यायचात. तोंड वर करून बघायचासुद्धा नाहीत."

खरं आहे. पॉलिश म्हणजे मी हलकं काम समजते. पुढचं गिऱ्हाईक उभं असताना दोन मिनिटांत हातावेगळं करते. दर वर्षी ते पदक माझ्या तळहातावर होतं, आणि त्या दहा वर्षांत मी ह्या बाईला मनातल्या मनात काय म्हणायची सांगू? हौशी. दर वर्षी पॉलिश लागतं हिला, नवऱ्यापेक्षा चमक प्यारी. तुला मागे लिहिलं तेही आठवतंय. मला इतकी शरम कधी वाटली नव्हती.

मी म्हटलं, तुम्ही मग ते घालत का राहिलात?

"पोरगी लहान होती. झोपताना त्याच्यावर बोट ठेवायची. तिला काय सांगू, हा भलत्याच कुणाचा अंगठा आहे म्हणून?"

तेवढ्यात मुलगी आत आली. मला वाटलं बाई विषय बदलेल. तिनं बदलला नाही. दोन वाक्यांत सांगून टाकलं, जसं काही बस चुकल्याचं सांगतात. मुलगी मोठी झालीय, आता चालेल, एवढंच तिनं ठरवलं असावं. मुलीनं दोन्ही पदकं एकेक करून उचलली आणि खाली ठेवली. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग आईला म्हणाली, "मग मी रंधा नेऊ का बाबांचा?"

"ने की. जड आहे पण. कपड्यांच्या मधे ठेव."

त्यांच्या घरी त्याचा रंधा आहे. माझ्याशी नाही, एकमेकींशीच बोलत होत्या, त्यावरून मला कळलं. वीस वर्षं तोच वापरायचा तो. लाकडी मुठीवर डाव्या अंगठ्याची जागा झिजून खड्डा पडलाय. मुलगी म्हणाली तो खड्डा तिरका आहे, वरच्या बाजूला उथळच राहिलाय, कारण तिथे टेकायला टोकच नव्हतं. आपलं बोट आत ठेवलं की त्याचं कुठे संपायचं ते कळतं. लहानपणी ती त्यात बोट घालून मोजायची, म्हणे. मी तीस वर्षं अंगठे घेतेय, पण तिच्या बोलण्यात जेवढा तो माणूस होता तेवढा माझ्या एकाही पदकात कधी आला नसेल.

पदकं त्यांनी तशीच टेबलावर सोडली. मी म्हटलं, कडी तरी नवी घातलीय, घेऊन जा. बाई म्हणाली, "ती तुमच्या भावाची वस्तू आहे, त्याला पाठवून द्या." म्हणून ह्या पार्सलात आहेत, दोन्ही. तुझ्या निळ्या मखमलीत छान बसली. हवं तर तुझ्या काचेच्या कपाटात ठेव, दिवा आहेच.

पाटीवरून बाबांचं नाव मी आज उतरवलं. तू तुझ्या दालनाचं काय करायचं ते कर, पुस्तिका काढ, नको काढूस. मला आता तुला बोल लावायला तोंड नाही, आणि हे तुला लिहून द्यावं लागतंय ह्याचा राग मात्र भरपूर आहे.

त्या निघाल्या तेव्हा मी उंबऱ्यापर्यंत गेले. आजवर कुठल्या गिऱ्हाइकाला सोडायला मी उठले नव्हते. मी म्हटलं, "तो रंधा मला एकदा बघायला मिळेल का? नुसता बघायला."

बाईनं मुलीच्या मागे स्कूटरवर बसता बसता माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज चढवला नाही, काही नाही.

"नको," ती म्हणाली. "तुम्ही त्याचंही काहीतरी करून विकाल."

ताई